सत्त्याण्णव मैल

परत फिरलेल्या माणसाविषयी आपली मराठी भाषा फार निष्ठुर आहे. त्याने पाठ दाखवली, शेपूट घातले, पोबारा केला, काढता पाय घेतला! शब्दांना काही तोटा नाही. पण मान ताठ ठेवून उभे राहता येईल असा त्यात एकही नाही. ‘माघार’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, पण तोही ‘घ्यावी लागली’ असा ओशाळवाणा होऊनच वाक्यात शिरतो. शिकारी असो, लढवय्या असो की अज्ञात मुलूख धुंडाळणारा प्रवासी, त्याने पुढेच गेले पाहिजे आणि वेळ आली तर तिथेच पडलेही पाहिजे, असा आपला आग्रह. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. त्यावर पाठमोरा, गड उतरणारा मावळा मांडलेला कुणी पाहिला आहे काय? खुद्द शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले देऊन टाकले. हे पान आपण घाईघाईने उलटतो आणि १६७० च्या सिंहगडापाशी येऊन सुटकेचा निःश्वास टाकतो.

म्हणूनच मला अर्नेस्ट शॅकल्टन या माणसाचे मोठे अप्रूप वाटते. दक्षिण ध्रुवावर तेव्हा कुणाचेही पाऊल पडले नव्हते. १९०८ च्या ऑक्टोबरअखेर शॅकल्टन, वाइल्ड, अ‍ॅडम्स आणि मार्शल हे चौघे चार तट्टे घेऊन निघाले. तट्टे एकेक करून संपली; शेवटचे तर बर्फाच्या भेगेत नाहीसे झाले. पुढे माणसांनीच घसरगाड्या ओढल्या. शिधा पुरवून पुरवून खाल्ला, तरी संपायचा तो संपतच होता. जानेवारीत वादळाने दोन दिवस तंबूतून बाहेर पडू दिले नाही. ९ जानेवारी १९०९ रोजी गाड्या मागे ठेवून ते धावतपळत जमेल तितके पुढे गेले, निशाण रोवले आणि तिथून वळले. ध्रुव ९७ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे १८० किलोमीटरवर होता. मुंबई-नाशिकपेक्षा थोडे अधिक!

हे अंतर त्यांना चालवले नसते असे नाही. कदाचित ध्रुवावर पोचलेही असते. परतले मात्र नसते. हा हिशेब शॅकल्टनने केला. नाव अजरामर होण्याची संधी हाताशी असताना, पोटात अन्न नसताना आणि भोवती जाब विचारणारा कुणी नसताना केला. रणांगणात निदान शत्रू तरी समोर असतो. इथे लढायचे होते ते स्वतःच्या हावेशीच.

परतीची वाट जाताना होती त्याहून बिकट. वाइल्डला हगवण लागली होती, घोड्याचे मांस त्याला पचेना. ३१ जानेवारीला शॅकल्टनने आपल्या वाटणीचे एकुलते एक बिस्किट बळेच त्याच्या हातावर ठेवले. हजारो पौंडांनाही ते बिस्किट मिळाले नसते, अशा अर्थाचे वाइल्डने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. शेवटच्या टप्प्यावर मार्शल आजारी पडला. त्याला अ‍ॅडम्सच्या सोबतीला ठेवून शॅकल्टन आणि वाइल्ड जहाज गाठायला पुढे गेले. आणि जहाज भेटताच अंगातला शीण न काढता शॅकल्टन त्या दोघांना आणायला पुन्हा बर्फात शिरला. चौघेही जिवंत परतले.

पुढे १४ डिसेंबर १९११ रोजी अ‍ॅमंडसेन ध्रुवावर पोचला. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट पोचला, पण त्याच्या पाच जणांपैकी एकही परत आला नाही. कितीतरी वर्षे इंग्लंडच्या पोरांना धडा शिकवला गेला तो स्कॉटचा. स्कॉटचे शौर्य मी कमी लेखत नाही. पण धड्यासाठी माणूस मरावाच लागतो, ही खोड एकट्या आपली नव्हे एवढे त्यावरून कळते.

शॅकल्टन काही संत नव्हता. कर्जे करी, घरी टिकत नसे. १९१५ साली त्याचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज बर्फाने चिरडले, तेव्हा त्याने आपल्या तुकडीतील सर्व २८ माणसे सुखरूप आणली, ही कथा प्रसिद्धच आहे. त्याच मोहिमेत खंडाच्या दुसऱ्या बाजूने त्याच्यासाठी शिध्याचे साठे लावणाऱ्या तुकडीतले तिघे मात्र मेले, हे तितके सांगितले जात नाही. ते साठे ज्याच्यासाठी, तो तिकडे पोचलाच नाही.

१९२२ साली दक्षिण जॉर्जिया बेटावर तो वारला आणि तिथेच त्याला पुरले. वाइल्ड १९३९ साली दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याच्या अस्थी २०११ साली त्या बेटावर नेल्या आणि शॅकल्टनच्या थडग्याच्या उजव्या बाजूला ठेवल्या. वरच्या दगडावर ‘शॅकल्टनचा उजवा हात’ असे कोरले आहे.