बोलावणे येईल तेव्हा

मुलांनो, खेळाडूंच्या ज्या गोष्टी आपल्या कानी पडतात, त्या बहुधा शिखरावर पोहोचलेल्यांच्या असतात. परंतु संघात ज्याची जागा कधीच पक्की नसते, आज बोलावणे आणि उद्या वगळणे हेच ज्याच्या वाट्याला येते, असा खेळाडूही लक्षपूर्वक पाहण्याजोगा असतो. माझ्या मते आपल्यासारख्या सामान्यांना त्याच्यापासूनच अधिक शिकता येते.

असे एक खेळाडू पालघरचे आहेत. सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावांतील माणसे मुंबईस जाण्यासाठी पालघरलाच आगगाडीत बसतात. तेथून चर्चगेट सुमारे ९० किलोमीटर. विरारच्या पुढे उपनगरी गाडी २०१३ साली सुरू झाली. त्याआधीच्या दिवसांत १९९१ साली जन्मलेला शार्दूल ठाकूर नावाचा मुलगा खेळाच्या साहित्याचे ओझे खांद्यावर घेऊन, गर्दीच्या गाडीतून सरावासाठी मुंबईस जात असे. पुढे तो मुंबई संघाचा वेगवान गोलंदाज झाला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबाद येथे ठाकूर यांना भारताकडून पहिला कसोटी सामना खेळण्याचा मान मिळाला. अवघे दहा चेंडू टाकून होतात तोच स्नायू दुखावला आणि त्यांना मैदान सोडावे लागले. दुसरा कसोटी सामना मिळाला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. तोही अनेक प्रमुख गोलंदाज जायबंदी झाले म्हणून. भारताचे सहा गडी १८६ धावांवर बाद झाले असता त्यांनी वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह १२३ धावांची भागी रचली. स्वतः ६७ धावा केल्या, दोन्ही डावांत मिळून सात बळी घेतले, आणि भारताने तो सामना जिंकला.

कोणी म्हणेल, हा तर नशिबाचा खेळ! खरे आहे, इतरांची दुखापत ही काही ठाकूर यांची कमाई नव्हे. परंतु २०१८ साली त्याच नशिबाने त्यांच्या हातचा घास काढून घेतला होता. नशीब दोन्ही वेळा निराळे वागले. सराव मात्र त्यांनी सोडला नव्हता. तो सुटला असता, तर ब्रिस्बेनचे बोलावणे येऊनही व्यर्थ गेले असते.

आयपीएल स्पर्धेतही ते एका जागी स्थिरावले नाहीत. पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता अशा कितीतरी संघांकडून ते खेळले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तर त्यांना कोणीच घेतले नाही. मार्च २०२५ मध्ये एका जायबंदी गोलंदाजाच्या जागी लखनौ संघाने त्यांना बोलावले, आणि त्या संघाच्या दुसऱ्याच सामन्यात त्यांनी हैदराबादचे चार गडी बाद केले.

पक्की जागा कोणाला नको असते? वगळले गेल्याचे दुःखही खोटे नसते. पण जागा देणे इतरांच्या हाती असते. तयार राहणे तेवढे आपल्या हाती. शाळेच्या संघात, नाटकात किंवा वक्तृत्वस्पर्धेत ज्यांचे नाव राखीव यादीत लागते, त्यांनी म्हणूनच सराव सोडू नये. बोलावणे कधी येईल हे सांगून येत नाही. आणि ते येते, तेव्हा तयारीला सवड देत नाही.