सुरी मागे ठेवून जा

माझ्या बापाने तीस वर्षं गोदीत ओझं उचललं. जांघेत गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग नारळाएवढी. फडकं आवळून बांधायचा आणि पाळी भरायचा. शेवटी एका फुकट शिबिरात ऑपरेशन झालं. खोटं कशाला बोलू, चांगलं झालं. फळं दिली, फोटो काढला. आठव्या दिवशी जखमेत पू झाला तेव्हा शिबिराचा मांडव उठला होता. डॉक्टरला शोधायचं कुठं? बापाच्या हातात होता फक्त फोटो.

म्हणून गोऱ्या देशांतले सर्जन रजा काढून, पदरचे पैसे घालून आफ्रिकेत ऑपरेशनं करायला जातात हे वाचलं की मला राग येत नाही. मला तो मांडव आठवतो.

घानातलं ताकोराडी घ्या. आपल्यासारखंच बंदराचं शहर. ओझी वाहणारी माणसं आणि जांघेतल्या गाठी. वर्षानुवर्षं उपचार नाही. आतडं अडकून पिळलं की माणूस खलास. २००५ मध्ये इंग्लंडातल्या प्लिमथच्या प्रोफेसर अँड्र्यू किंग्सनॉर्थ यांनी तिथं 'ऑपरेशन हर्निया' सुरू केलं. सर्जनांच्या तुकड्या आल्या, गाठी कापल्या, परत गेल्या. ज्याची गाठ गेली तो पुन्हा कामावर उभा राहिला, त्याच्या घरची चूल पेटली. ह्याच्यावर थुंकणारा मी कोण? माझ्या बापाला तेव्हा भाषण नको होतं, टाके हवे होते.

पण हिशेब करा. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने सांगितलं की जगातल्या ५०० कोटी माणसांना वेळेवर, परवडेल असं सुरक्षित ऑपरेशन मिळत नाही. एवढी माणसं कुणाच्या रजेच्या आठवड्यात मावणार?

आता दुसरी गोष्ट ऐका. हर्नियात आतून जाळी बसवतात. कंपनीची जाळी शंभर डॉलरच्या वर. आपल्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. किंमत कंपनीच्या पासंगालाही पुरायची नाही. पुढे युगांडात असल्याच स्वस्त जाळीची ३०२ पुरुषांवर परीक्षा झाली. २०१६ मध्ये निकाल छापून आला : वर्षभरानंतर मच्छरदाणी कंपनीच्या जाळीच्या तोडीस तोड.

जाळीचं झालं. हाताचं काय?

सिएरा लिओनमध्ये सर्जन बोटांवर मोजण्याइतके. तिथं २०११ पासून नॉर्वेची 'कॅपाकेअर' संस्था सरकारबरोबर डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकवते. बाहेरचे सर्जन तिथंही जातात, पण शिकवायला. मग परीक्षा झाली. हर्नियाचे २३० रुग्ण नशिबावर वाटले, काही डॉक्टरांकडे, काही ह्या कर्मचाऱ्यांकडे. २०२१ मध्ये निकाल आला. वर्षभरात गाठ परत आली ती डॉक्टरांच्या रुग्णांत ६.९ टक्के, ह्यांच्या रुग्णांत ०.९ टक्के.

मी मॅट्रिक. हा आकडा मी दोनदा वाचला, मग पाळीवरच्या पोरांना वाचून दाखवला. एक जण म्हणाला, "म्हणजे गरिबाला अर्धा डॉक्टर?" नाय बाबा. अर्धा डॉक्टर तो, जो कापतो आणि पू व्हायच्या आत निघून जातो. शिकवलेला, तपासलेला, त्याच गावात राहणारा हात पुरा असतो. उद्या जखम चिघळली तर त्याचं दार ठोठावता येतं. त्याला शिव्या घालता येतात. शिव्या घालता येणं हाही रुग्णाचा हक्कच आहे. पाहुण्याला कुणी शिव्या घालत नाही, त्याचे फक्त आभार मानायचे असतात.

हजारो वर्षं आपल्याला हेच सांगितलं की ज्ञान वरच्यांच्या हातात आणि दान खालच्यांच्या ओंजळीत. तीच रीत विमानात बसून आफ्रिकेत जात असेल तर ती ओळखायला आपल्याइतकं तरबेज कोण?

तेव्हा दोस्तहो, अशा मोहिमेला किती गाठी कापल्या हे विचारू नका. विचारा : किती हात शिकवले? पू झाला तर कुणाचं दार? पुढच्या वर्षी तुम्ही आला नाहीत तर कोण कापणार?

या, जरूर या. पण जाताना सुरी मागे ठेवून जा. आणि ती धरणारा तिथलाच हात.