भिंती वाचल्या, शेजार वाचणार का?

पणजीच्या कदंब बसस्थानकातून बाहेर पडावे, पाटोचा पूल ओलांडावा आणि रुआ द ओरेंच्या खाडीकाठाने डावीकडे वळावे. थोड्याच वेळात फोंतेन्हास लागते. आल्तिन्हो टेकडीचा पायथा आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेली ही चिंचोळी वस्ती. येथील एका जुन्या घरात, जे आता हॉटेल झाले आहे, प्रस्तुत प्रतिनिधीने अलीकडेच दोन रात्री मुक्काम केला. उंच छत, पावलांखाली किंचित करकरणारी लाकडी जमीन, काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसविलेली खिडकी आणि तिच्यातून झिरपणारा दुधाळ उजेड. पहाटे पोदेराच्या सायकलच्या भोंग्याने जाग आली. समोरच्या घराच्या खिडकीखाली पाटी होती : हे राहते घर आहे, कृपया छायाचित्रे काढू नयेत. सकाळी साडेसात वाजता नेमके त्या पाटीपाशीच एक जोडपे विवाहपूर्व छायाचित्रणासाठी नटूनथटून उभे होते.

फोंतेन्हासमधील जुनी घरे हॉटेल, अतिथिगृह वा उपाहारगृह होऊन तगली, हे सत्य आहे. पण घरे तगली म्हणजे वस्ती तगली असे नव्हे. या दोन गोष्टींतील अंतर आता वाढू लागले आहे आणि ते मोजण्याची व्यवस्था कोणाकडेही दिसत नाही.

वस्तीचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाची ही जमीन. लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. शेजारच्या मळा भागातील झऱ्यावरून वस्तीला नाव पडले. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे पोर्तुगीज भारताची राजधानी झाली आणि सरकारी चाकरीतील कुटुंबांना घरांची गरज वाढली. संत सेबॅस्टियनच्या चॅपलमधील क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला आहे. त्यावरील येशूचे डोळे मिटलेले नसून उघडे आहेत. टेकडीवर मळ्याच्या मारुतीचे देऊळ आहे. पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या वस्तीला सर्रास ‘युनेस्कोचे वारसास्थळ’ म्हटले जाते. ते खरे नाही. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली ती जुन्या गोव्यातील चर्चे व मठ. फोंतेन्हास त्या यादीत नाही. या वस्तीला जे काही संरक्षण आहे, ते स्थानिक नगरनियोजनाच्या नियमांचे आहे.

घर राखणे म्हणजे काय, हे येथे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. भिंती जांभ्या दगडाच्या, सांधे मातीचे वा चुन्याचे, वर चुन्याचा गिलावा आणि माथ्यावर कौले. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. चुना त्याला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत रंगासकट पापुद्रे सुटू लागतात. म्हणूनच दर पावसाळ्यानंतर रंगसफेदी करण्याची येथील जुनी रीत ही निव्वळ हौस नव्हती. ज्या घरात पोर्तुगीज काळात एखादेच न्हाणीघर, तेही मागल्या अंगणात, तेथे आज प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह द्यावे लागते. लाकडी तुळयांवर ओल्या खोल्या, मातीच्या सांध्यांतून नळ आणि वातानुकूलनासाठी पाडलेली भोके, ही जुन्या घराची खरी शस्त्रक्रिया. ती उत्तम केली तर दिसत नाही. वाईट केली तर दहा वर्षांनी दिसते. आमच्या मुक्कामातील स्नानगृह शयनगृहाच्या एका कोपऱ्यात लाकडी पडदी उभारून केलेले होते. अडचणीचे खरे, पण मूळ भिंतीला हात न लावता केलेले. ही अडचण पाहुण्याने आनंदाने सोसावी, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

हा खर्च सामान्य कुटुंबाला झेपत नाही, हे उघड आहे. परंतु पैशाहून मोठी अडचण मालकीची आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा गोव्याने आजवर जपला आहे. मालमत्तेचा निम्मा हिस्सा मुलांपासून मृत्युपत्रानेही हिरावून घेता येत नाही आणि मुलगा-मुलगी हा भेद नाही. २०१२ साली संमत झालेल्या आणि २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. समतेच्या दृष्टीने ही व्यवस्था देशात आदर्शवत मानली जाते, आणि योग्यच. पण तीन-चार पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस हिस्सेदार होणे या व्यवस्थेत मुळीच अवघड नाही. त्यांतले कोणी लिस्बनला, कोणी लंडनजवळ, कोणी आखातात. कौले बदलायची तर पैसे कोणी द्यायचे? विकायचे तर सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? दुसरीकडे १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालील जुनी भाडी इतकी अल्प असतात की मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरत नाही. कुलूप, गळके छप्पर, वाळवी आणि एके दिवशी खाली आलेली भिंत, असा हा क्रम असतो.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकात ३१ जानेवारी मार्गावर ‘पणजी इन’ सुरू झाले, ते एका कुटुंबाने आपल्याच जुन्या घरात. त्या काळी गोव्याला येणारा पाहुणा कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर जाई. पणजीच्या गल्लीत कोण मुक्काम करणार, असे लोक विचारत असणार. पुढे त्याच मंडळींनी समोरचे एक हिंदू कुटुंबाचे घर आणि एकेकाळी शाळा असलेली इमारतही राखली. मालक त्याच रस्त्यावरचा असल्याने शेजाऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडविण्याची पाळी रोज येते, आणि याचा परिणाम रात्री किती वाजता संगीत बंद होते यावरही होतो! मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीकडे पाहिले म्हणजे फोंतेन्हासने काय मिळविले ते कळते. तेथे लाकडी बंगल्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि मोकळ्या झालेल्या भूखंडांवर मनोरे उभे राहिले. जुन्या घराला काही तरी कमाई असणे हा त्याच्या जगण्याचा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण पुढे आहे. पहिल्या पिढीतील हॉटेलचालक घरवाले होते. आता येणारे अनेक जण गुंतवणूकदार आहेत. त्यांना एखादे घर भाडेपट्ट्याने हवे असते, त्यात सहा-आठ खोल्या, खाली कॅफे आणि समाजमाध्यमांवर दिसेल अशी एक निळी भिंत. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि उत्तर गोव्याकडे येणाऱ्यांना आणखी एक दार उघडले. त्यानंतर स्मार्ट सिटीच्या खोदकामांनी पणजीकरांना २०२३ आणि २०२४ मध्ये धुळीने बेजार केले. अशा शहरात शांत जुनी गल्ली ही विकण्यासारखी वस्तू ठरते, यात नवल नाही.

नियम मात्र अजूनही भिंतीकडेच पाहतात. संरक्षित क्षेत्रात दर्शनी भाग, उंची, छप्पर, खिडक्यांची ठेवण यांवर परवानगी अडते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘हेरिटेज हॉटेल’चा निकषही इमारत १९५० पूर्वीची आहे का आणि किमान पाच खोल्या आहेत का, येथून सुरू होतो, राजस्थानातील हवेल्या डोळ्यांसमोर ठेवूनच तो बेतला असावा. गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्याने नोंदणी करायची असते. पण एका गल्लीत पाहुण्यांच्या खाटा किती आणि राहत्या कुटुंबांच्या किती, हा प्रश्न यांपैकी कोणीच विचारत नाही. खिडकीचा रंग चुकला तर नोटीस येऊ शकते. खिडकीमागचे शेवटचे कुटुंब निघून गेले तर कागदावर काहीच बदलत नाही.

ज्या शहराची प्रतिकृती म्हणून फोंतेन्हास खपविले जाते, त्या लिस्बनने हा प्रश्न आधीच भोगला आहे. २०१२ मध्ये तेथील भाडेकायदा सैल झाला. आल्फामा, मोरारिया या जुन्या मोहल्ल्यांतील घरे झपाट्याने अल्पमुदतीच्या पर्यटक निवासांत बदलली आणि वर्षानुवर्षांचे भाडेकरू बाहेर पडले. अखेर २०१८ मध्ये महापालिकेने या मोहल्ल्यांत अशा निवासांची नवी नोंदणी थांबविली. उपाय आला, पण बऱ्याच उशिरा. तेथेही इमारती पूर्वीपेक्षा सुस्थितीत दिसतात, हे विसरता येत नाही. त्यामुळेच तर नुकसान लवकर लक्षात येत नाही.

फोंतेन्हास त्या टोकाला पोहोचलेले नाही. संध्याकाळी दारातल्या बाल्कांवमध्ये बसून गप्पा मारणारी वृद्ध माणसे अजून आहेत. ‘३१ द जानेरू’ ही १९३० पासूनची बेकरी चालू आहे. चॅपलच्या उत्सवाला वस्ती एकत्र येते. म्हणूनच आज काही करणे शक्य आहे. व्यावसायिक रूपांतराला प्रत्येक रस्त्यागणिक मर्यादा घालणे, मालक त्याच घरात राहत असेल तर पाहुणे ठेवण्यास सुलभ परवानगी देणे, राहत्या कुटुंबांना चुन्याच्या कामासाठी व कौलांसाठी अनुदान देणे, वाटणीच्या दाव्यांत अडकलेल्या घरांच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी एका हिस्सेदाराच्या अर्जावर मुभा देणे, यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. रस्त्यावरच्या व्यावसायिक छायाचित्रणाला शुल्क आणि वेळ ठरवून देणे तर सर्वांत सोपे. मर्यादेला हॉटेलवाले विरोध करतील, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. ज्याचा पाहुणा राहत्या वस्तीचा अनुभव घेण्यासाठी पैसे मोजतो, त्याला ती वस्ती राहती असण्याची गरज इतरांहून जास्त आहे.

सुरुवात मोजणीपासून करता येईल आणि त्यासाठी नवी समिती नको. महापालिकेच्या घरपट्टीच्या वह्यांत निवासी आणि व्यावसायिक असा भेद दरासकट नोंदलेला असतो. गेल्या वीस वर्षांच्या त्या वह्या या दोन-तीन रस्त्यांपुरत्या उघडल्या, तरी कोणत्या साली किती दारे एका रकान्यातून दुसऱ्यात गेली ते एका दुपारी कळेल.