यति आणि यतिभंग

वृत्तशास्त्राचा पाठ सुरू करतांना आम्ही विद्यार्थ्यांस प्रथम एकच गोष्ट सांगत असूं. मंदाक्रांतेच्या चरणांत सतरा अक्षरें असतात. त्यांतील चार अक्षरें म्हणून किंचित् थांबावें, पुढें सहा म्हणून पुन्हा थांबावें, आणि उरलेलीं सात एका दमांत म्हणावीं. या थांबण्यास यति म्हणतात. यति म्हणजे चरण तुटणें नव्हे. तो चरणाचाच एक अवयव होय. परंतु हाच विराम शब्दाच्या मध्येंच येऊन पडला, तर त्यास यतिभंग म्हणतात, आणि शास्त्रकार तो दोष गणतात. विराम तोच, तो कोठें पडला आणि कोणीं पाडला, यावरून तो भूषण कीं दूषण हें ठरतें.

हा जुना पाठ आज आठवण्याचें कारण थोडें विलक्षण आहे. आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं गेल्या कांहीं दिवसांत एका परदेशी गायिकेचीं गाणीं आम्हांस आग्रहानें ऐकविलीं, आणि तिची हकीकतही सांगितली. गाण्यांपेक्षां प्रथम हकीकतीनेंच आमचें मन वेधलें. पंचवीसएक वर्षें लौकिकाच्या शिखरावर असलेली ही बाई दोन वेळां, आठ-आठ नऊ-नऊ वर्षें, एकही नवा गीतसंग्रह न काढतां स्वस्थ राहिली, आणि परत आली तेव्हां श्रोते तिची वाट पाहत तसेच बसलेले होते.

या गायिकेचें नांव शाडे. संपूर्ण नांव हेलन फोलाशाडे अडू. त्यांचा जन्म १६ जानेवारी १९५९ रोजीं नायजेरियांतील इबादान येथें झाला. वडील योरुबा जातीचे, अर्थशास्त्राचे अध्यापक. आई इंग्रज, रुग्णपरिचारिकेचें काम करणारी. पुढें आईबाप विभक्त झाले, आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत येऊन राहिली. शाडेबाईंनीं लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेंत वेषभूषेच्या आखणीचें शिक्षण घेतलें. गायिका होण्याचा त्यांचा मूळ संकल्प नव्हता. एका वाद्यवृंदांत मागें उभें राहून साथ करतां करतां त्या पुढें आल्या, आणि त्याच वृंदांतून त्यांचा स्वतंत्र संच निघाला. सॅक्सोफोन व गिटार वाजविणारे स्टुअर्ट मॅथ्यूमन, बेस गिटार वाजविणारे पॉल डेनमन, आणि कळफलकाचीं वाद्यें वाजविणारे अँड्र्यू हेल हे त्यांचे तीन साथीदार. बाईंचें जें नांव तेंच या संचाचेंही नांव.

त्यांच्या गाण्याची जात सोल या नांवानें ओळखली जाते. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाच्या प्रार्थनामंदिरांत एकानें आळवावें व समुदायानें उत्तर द्यावें अशी भजनाची रीत होती. रे चार्ल्स, सॅम कुक, आणि त्यांच्या मागून एका धर्मोपदेशकाची कन्या अॅरिथा फ्रँकलिन, यांनीं ती आर्त आळवणी लौकिक प्रेमाच्या गाण्यांत आणिली. आपल्याकडे अभंगाची चाल नाटकाच्या पदांत यावी, तसाच हा प्रकार. या पठडींतील गायक बहुधा आवाज तारसप्तकांत चढवून श्रोत्यांस हालवून सोडतात. शाडेबाई चढत नाहींत. त्यांचा आवाज ढाला आहे; मंद्र व मध्य यांच्या सीमेवर तो वावरतो, हरकती थोड्या, तान जवळजवळ नाहींच. शब्द संपला कीं त्या सूर ओढीत बसत नाहींत. मागें सॅक्सोफोनला बोलूं देतात. त्यांच्या गाण्यांतही विरामाला मोठें स्थान आहे, हें आमच्या कानांस प्रथम जाणवलें.

आतां त्यांच्या संग्रहांचीं सालें पाहावीं. पहिला 'डायमंड लाइफ' १९८४ सालीं निघाला, दुसरा 'प्रॉमिस' १९८५ सालीं. तिसरा 'स्ट्राँगर दॅन प्राइड' १९८८ सालीं, चवथा 'लव्ह डिलक्स' १९९२ सालीं. पांचवा 'लव्हर्स रॉक' निघाला तो २००० सालीं, आणि सहावा 'सोल्जर ऑफ लव्ह' २०१० सालच्या फेब्रुवारींत. म्हणजे अंतर एक वर्षाचें, मग तीन, मग चार, मग आठ, मग नवांहून अधिक. गणिताच्या शिक्षकास आनंद व्हावा अशी ही चढती श्रेढी आहे. व्यापाऱ्यास मात्र तिनें धडकीच भरावी. कारण लोकप्रिय गाण्याच्या बाजारांत दोन वर्षें दिसेनासा झालेला गायक विस्मृतींत गेला असें समजतात.

मधल्या काळांत बाई काय करीत होत्या? १९९६ सालीं त्यांना अपत्य झालें, आणि तें वाढविणें हेंच त्यांनीं आपलें काम मानलें. २००१ सालचा दौरा आटोपल्यावर त्या इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांतील खेड्याकडे राहूं लागल्या. वृत्तपत्रांस मुलाखती देणें त्यांनीं जवळजवळ सोडलेंच होतें. आपल्याजवळ सांगण्यासारखें कांहीं असेल तेव्हांच आपण गातों, केवळ कांहींतरी विकावयाचें म्हणून नव्हे, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें प्रसिद्ध आहे. २००८ च्या सुमारास त्यांनीं जुन्या साथीदारांस हांक घातली, आणि विल्टशायरमधील बॉक्स या गांवाजवळच्या ध्वनिमुद्रणशाळेंत हे चौघे पुन्हा एकत्र बसले.

या नऊ वर्षांत बाहेरचें जग ओळखूं येऊं नये इतकें बदललें होतें. २००० सालीं लोक दुकानांतून तबकडी विकत आणीत. २०१० सालीं गाणीं तारेवरून घरांत उतरवून घेण्याची रीत रूढ झाली होती आणि तबकड्यांचा खप वर्षानुवर्षें घसरत होता. अशा पडत्या बाजारांत 'सोल्जर ऑफ लव्ह' आला, आणि एकट्या अमेरिकेंत पहिल्या आठवड्यांत त्याच्या ५,०२,००० प्रती गेल्या. तेथील विक्रीच्या यादींत तो एकदम प्रथम क्रमांकावर चढला. पुढील वर्षीं त्याच्या शीर्षकगीतास ग्रॅमी पारितोषिकही मिळालें.

संग्रह कसा आहे, हेंही सांगणें अवश्य आहे. नाहीं तर खपाच्या आंकड्यांवरून गुण ठरविल्याचा दोष आमच्याकडे येईल. त्यांत दहा गाणीं आहेत. शीर्षकगीतांत सैन्याच्या संचलनांत वाजावा तसा ताशाचा ठोका आहे, आणि त्या कठोर तालावर बाईंचा मऊ आवाज मुळींच न घाबरतां चालतो. 'बेबीफादर' या गाण्यांत त्यांच्या व मॅथ्यूमन यांच्या मुलांनीं साथ केली आहे. ज्या बालकासाठीं मौन धरलें, त्याचाच आवाज पुनरागमनांत सामील व्हावा, हें आम्हांस फार गोड वाटलें. वय लपविण्याची धडपड कोठेंही नाहीं. पंचवीस वर्षांच्या मुलीसारखें गाण्याचा मोह पन्नाशींतील गायिकेनें टाळला, हेंच या संग्रहाचें मोठें यश होय. उणीव सांगावयाची तर उत्तरार्धांतील गाण्यांची लय इतकी सारखी आहे कीं, एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें लागलें हें आम्हांस दोनदां विचारावें लागलें.

येथें कोणी म्हणेल, मास्तर, थांबणें ही श्रीमंतांची चैन आहे. पहिल्या दोन संग्रहांनींच ज्यांना आयुष्यभराची पुंजी मिळाली, त्यांनीं खुशाल दहा वर्षें बागेंत बसावें; फडावर नाचणारी बाई, लग्नाच्या मांडवांत सनई वाजविणारा वाजंत्री, कीर्तनाच्या दक्षिणेवर संसार चालविणारे हरिदासबुवा, यांनीं कसें थांबावें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास तोडून टाकणारें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. विसावा बहुधा पैशानेंच विकत मिळतो. परंतु केवळ पैशानें परत येतां येत नाहीं. परत येण्यास दुसरेंच कांहीं लागतें, आणि तें शाडेबाईंच्या साथीदारांकडे पाहिल्यास कळतें.

त्या तिघांनीं बाईंच्या मौनांत हात जोडून वाट पाहिली असें नाहीं. १९९६ सालीं त्यांनीं 'स्वीटबॅक' या नांवानें आपलें स्वतंत्र वादन प्रसिद्ध केलें. मॅथ्यूमन यांनीं मॅक्सवेल नांवाच्या तरुण गायकाच्या पहिल्या संग्रहास मोठा हातभार लाविला. त्यांचें पोट चालू राहिलें, कलाही चालू राहिली. परंतु बाईंच्या जागीं दुसरी गायिका उभी करून शाडे हें नांव चालू ठेवावें, असें त्यांनीं केलें नाहीं. जागा मोकळी ठेविली. हांक आली तेव्हां तेच तिघे आले, आणि कोणासही नव्यानें ओळख सांगावी लागली नाहीं. यति यति राहिला तो यामुळें. जागा राखणारें कोणी नसतें, तर त्याच नऊ वर्षांचा यतिभंग झाला असता.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आमच्या एका पुतणीनें विवाहापूर्वी गायनांत विशारद ही परीक्षा दिली होती. सासर सुशिक्षित, गाण्यास कोणीं एका शब्दानेंही मनाई केली नाहीं. परंतु तंबोरा प्रथम कोपऱ्यांत गेला, मग पलंगाखालीं, मग माळ्यावर. आणि तेथें कोणाचा तरी ट्रंकेचा धक्का लागून भोपळ्यास तडा गेला. दोन बाळंतपणें, सासऱ्यांचें आजारपण, मुलांच्या शाळा यांत नऊ वर्षें गेलीं. पुन्हा गावयास बसली तेव्हां पूर्वीच्या काळी पांचच्या पट्टींत आवाज पोंचेना; काळी चारवर उतरावें लागलें. मुलगी घळघळां रडली. तेव्हां तिचे वृद्ध गुरुजी म्हणाले, "आवाज गेला नाहीं, मुली, तो खालीं उतरून बसला आहे. तूं तेथें जाऊन त्याला भेट." तंबोरा मिरजेस धाडून दुरुस्त करून आणविला. आज ती गाते. मैफलींत नव्हे, पण रोज गाते. आणि आम्हांस विचाराल तर पूर्वीपेक्षां अर्थ समजून गाते.

शाडेबाईंची नऊ वर्षें आणि आमच्या पुतणीचीं नऊ वर्षें मोजण्यास सारखींच आहेत. पहिलीं त्यांनीं स्वतः निवडलीं. दुसरीं कोणींच निवडलीं नव्हतीं, तीं नुसतीं पडलीं. मनाई नसणें म्हणजे जागा राखणें नव्हे, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. पाहुणे आले म्हणजे सूनबाईंस 'एखादें पद म्हणा' असें सांगावयाचें, आणि एरवीं पहाटे तिचा षड्ज लागला कीं चहाचें आधण कोण ठेवणार म्हणून विचारावयाचें, ही गुणग्राहकता नव्हे. ज्यांना तिचें गाणें खरोखर हवें असेल, त्या सासूबाईंनीं अर्धा तास नातवंड मांडीवर घ्यावें, आणि चिरंजीवांनीं आधण ठेवावें. गाणें चालूं शकत नसेल असे दिवस येतात, ते येऊं द्यावेत. परंतु तंबोरा माळ्यावर टाकूं नये. गवसणी घालून बैठकींत, डोळ्यांसमोर असूं द्यावा. हेंच शिवण, चित्रकला, अर्धवट राहिलेली पदवी, यांसही लागू आहे.

एक गोष्ट राहिली. २०१० नंतर शाडेबाई पुन्हा दीर्घकाळ मौनांत गेल्या. २०१८ सालीं दोन चित्रपटांसाठीं त्यांनीं एकेक गाणें गाइलें, आणि २०२४ सालीं 'यंग लायन' नांवाचें एक गाणें प्रसिद्ध झालें. हें गाणें त्यांनीं आपल्या मुलास उद्देशून गाइलें आहे, आणि त्यांत, तुला मी वेळेवर ओळखलें नाहीं, अशा अर्थानें त्याची क्षमा मागितली आहे. ज्या अपत्यासाठीं एवढी कीर्ति बाजूस ठेविली, त्यालाही आपण पुरतें पाहिलें नाहीं, असें आईस पासष्टीच्या उंबरठ्यावर जाहीरपणें म्हणावेंसें वाटावें, याचा विचार आम्ही कांहीं दिवस करीत आहों. घरीं राहिल्यानें माणूस आपोआप घरच्यांना ओळखूं लागतो असें नाहीं, हें आम्हां वडीलधाऱ्यांनींही ध्यानांत ठेवावें.

तेव्हां वाचकहो, या महिन्यांत एवढें करावें. आपल्या घरांत कोणाचें काय थांबलें आहे, हें एकदां शांतपणें मोजून पाहावें. आणि तें त्या व्यक्तीनें थांबविलें, कीं आपण सर्वांनीं मिळून, हें तिलाच विचारावें. उत्तर लगेच मिळणार नाहीं. तिला थोडा वेळ द्यावा.