हरणारा संघ बंद करावा काय?

गेल्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "आपला क्रिकेटचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरून परत येतो. मग त्यावर खर्च कशाला? तेवढ्या पैशांत दहावीच्या मुलांना सरावाची पुस्तके येतील." प्रश्न रास्त आहे. विश्वस्त मंडळी तो पुढील बैठकीत घेणार आहेत. त्याआधी आमचे म्हणणे मांडावे म्हणून हे चार शब्द. त्यासाठी थोडे पुण्याला जावे लागेल.

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांतले कोणी ना कोणी शिक्षणाला नाहीतर नोकरीला पुण्यात असतेच. त्यामुळे २०११ साली आयपीएलमध्ये 'पुणे वॉरियर्स' उतरला, तेव्हा इकडची मुलेही त्याला आपला म्हणू लागली. सहारा समूहाने तो सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला होता. युवराजसिंग, गांगुली यांच्यासारखे कर्णधार लाभूनही तीन हंगामांतल्या ४६ सामन्यांपैकी तो जिंकला अवघे १२. २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळुरात ख्रिस गेलने नाबाद १७५ धावा कुटल्या, त्या याच संघाविरुद्ध. (त्या दिवशी आपली निम्मी मुले गेलसाठी टाळ्या पिटत होती, हेही सांगितले पाहिजे. शेवटी आपण कर्नाटकातलेच!) पण संघ संपला तो हरण्यामुळे नव्हे. पैशांवरून मालकांचे आणि क्रिकेट मंडळाचे बिनसले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये करार रद्द झाला.

२०१६ मध्ये पुण्याला दुसरा संघ मिळाला, 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स'. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते, त्यांच्या जागी आलेल्या दोघांपैकी हा एक. म्हणजे मुदत पहिल्या दिवसापासून ठरलेली. त्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. आमच्या मते ते योग्यच झाले. मग पुण्याचे 'घरचे' सामने झाले विशाखापट्टणमला!

पुढच्या वर्षी हाच संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. २१ मे २०१७, मैदान हैदराबादचे, म्हणजे बिदरहून तीन-चार तासांची वाट. मुंबईने १२९ धावा केल्या. पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या. डाव १२८ वर थांबला. एका धावेने हार. त्या रात्री कित्येक घरांत मुले न जेवता झोपली. ती एक धाव मिळाली असती तरी संघ पुढच्या वर्षी नसताच, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे त्याच मालकांनी लखनौचा संघ घेतला आणि 'सुपर जायंट्स' हे नाव २०२२ पासून तिकडे गेले.

आता महाराष्ट्राचा रणजी संघ पाहा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर एकदाही नाही. २०१४ च्या आरंभी अंतिम सामन्यापर्यंत आला, तोही हैदराबादलाच, आणि समोर कर्नाटक. कर्नाटक सात गडी राखून जिंकले. आपल्याकडच्या घराघरांत त्या पाच दिवसांत कोणाच्या बाजूने बोलावे हा पेचच होता. ते असो. ऐंशीहून अधिक वर्षे करंडक नाही, तरी हा संघ बंद करा असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण त्याच्याखाली क्लब आहेत, शाळा आहेत, मैदाने आहेत.

आपल्या गावाचे नाव लावणारा संघही आता आहे. 'गुलबर्गा मिस्टिक्स'ने मनीष पांडेच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी जिंकली. आम्हालाही आनंद झाला. पण ते सामने झाले म्हैसूर आणि बंगळुरात. कलबुर्गीच्या मुलांनी आपला संघ पाहिला तो टीव्हीवर.

शाळेच्या संघाला मालक नाही, लिलाव नाही. दोन फलंदाजांत मिळून एक चांगला पॅडचा जोड आहे. सामन्याला जाताना डबे घरून येतात आणि हरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात चेष्टाही होते. पण आठवीतला मुलगा पुढच्या वर्षी नववीत जातो आणि खाली सातवीतला त्याची जागा घ्यायला टपलेला असतो. एकदा खंड पडला की ही साखळी पुन्हा जोडायला तीन-चार वर्षे जातात. मराठी शाळांचे पट उतरत असताना तर अकरा मुले गोळा होणेही कठीण.

दहावीच्या पुस्तकांना आमचा विरोध नाही. त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे वेगळी झोळी फिरवू, आम्ही स्वतः फिरू. विश्वस्तांकडे मागणे एवढेच, की संघाचा खर्च यंदा कापू नये, आणि जमल्यास खेळपट्टीवरची मॅट बदलावी. गोलंदाजीच्या टोकाला ती दोन ठिकाणी फाटली आहे आणि मुलांचे पाय अडकतात.