डोंगराचा घसारा कोण धरणार?



नाशिक जिल्ह्यातील ब्रह्मगिरी ते अंजनेरी या नियोजित रज्जुमार्गाची भलामण करताना, पर्यटक वाढले की जिल्ह्याचे उत्पन्न आपोआप वाढते असे जे गृहीत धरले जाते, त्यास अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हयात घालविलेल्या मजसारख्या माणसाची हरकत आहे. येथील लहानातला लहान कारखानदारही ताळेबंद मांडताना यंत्राचा घसारा वजा केल्याखेरीज नफ्याचा आकडा उच्चारीत नाही. निसर्गावर चालणाऱ्या पर्यटनाच्या धंद्यात मात्र तिकिटे, खानावळी व वाहनतळ यांची जमा तेवढी मांडली जाते आणि खर्चाचे पान कोरेच राहते. ज्याच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात व ज्याच्या नावावरून कंदीलपुष्पाच्या एका दुर्मिळ जातीस ‘अंजनेरिका’ हे नाव मिळाले, त्या डोंगराची झीज कोणत्या खाती घालावयाची, हे कोणीच सांगत नाही.

निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. गोदावरी-कादवा संगमाशी इंग्रजी अमदानीत घातलेल्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला. पाटबंधारे खात्याच्या लेखी ही निव्वळ हानी, परंतु त्याच उथळ पाण्यावर हिवाळी पक्षी उतरू लागले, 1986 साली अभयारण्य झाले आणि 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झाले. दुर्बीण घेऊन वाट दाखविणाऱ्या चापडगावच्या तरुणांची मिळकत सर्वस्वी त्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि आमच्या नाशिक शहराचे सांडपाणी गोदेच्या वाटेने त्याच पाण्यात जाते. (आमच्या वसाहतीजवळची नासर्डीही अखेर गोदेसच मिळते, हे लपविण्यात अर्थ नाही.) तेथे माजणारी पाणवेल आमच्या निष्काळजीपणाचे व्याज आहे, ते फेडते मात्र निफाड.

पाहुणे येऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येस मर्यादा घालून प्रवेशशुल्क घेण्याची व भोवतालच्या गावांना व्यवस्थेत सामील करून घेण्याची वहिवाट पडली आहे. तशी तजवीज अंजनेरीस प्रथम व्हावी, शुल्काचा ठराविक हिस्सा गावाच्या व डोंगराच्या नावे जमा व्हावा, आणि रज्जुमार्गाचा जमाखर्च घसाऱ्यासह जनतेसमोर मांडला जाईपर्यंत त्याच्या कामाचा एकही खांब रोवला जाऊ नये, एवढीच मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे जिल्हा प्रशासनाच्या नजरेस आणावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
अंबड, नाशिक