गोष्ट खळ्यावरच का संपते?



खेड्यात पुस्तके वाचली जात नाहीत, अशी शहरातल्या विद्वानांची जुनी तक्रार आहे. ती घटकाभर खरी धरू. पण पुस्तकांत आपले जे चित्र रंगवले जाते, त्याचे परिणाम मात्र न वाचताही आपल्यालाच भोगावे लागतात. मुंबईत बसून कापसाचे धोरण लिहिणारा साहेब कधी पऱ्हाटीत उतरलेला नसतो. त्याने खेडे पाहिलेले असते शाळेच्या धड्यात, सिनेमात आणि कथाकथनाच्या कार्यक्रमात. त्या खेड्यात एक पाटील असतो, त्याचा वाडा असतो, तमाशाचा फड असतो आणि पारावर चार इरसाल माणसे बसलेली असतात. पाऊस आला की सारे नाचतात, नाही आला की आभाळाकडे बघत बसतात. एवढ्या भांडवलावर तो आपले भवितव्य ठरवतो. म्हणून लेखक आपल्या मुलखाबद्दल काय लिहितो, हा साहित्यिकांचा घरगुती मामला नाही. तो आपल्या घामाच्या दामाशी जोडलेला प्रश्न आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. मराठीतली बहुतेक खेड्याची गोष्ट खळ्यावर संपते. आणि शेतकऱ्याची खरी गोष्ट खळ्यावरून माल उचलला की सुरू होते.

पुस्तकातले वर्ष बघा. मृग बरसतो, तिफन चालते, डवरणी होते, निंदणाला बाया जातात, कणसे भरतात, गोफणी फिरतात, खळ्यावर रास पडते, राशीची पूजा होते. झाले, गोष्ट संपली. कापसाचे असेल तर सीतादही होते, पहिली वेचणी होते, पांढरे शुभ्र रान बघून लेखकाचे मन भरून येते. पुढे काय? तो कापूस गाडीत भरून कोणी कुठे नेला? काटा कोणी मारला? प्रत कोणी ठरवली? हमाली, तोलाई, कट्टी वजा जाता हाती काय पडले? त्यातून कृषी केंद्राची उधारी फिटली की सोसायटीचे व्याज? हे विचारायला लेखक थांबतच नाही. रास पडेपर्यंत तो आपल्या सोबत असतो. बाजाराच्या वाटेला लागलो की तो माघारी फिरतो.

कापसाचेच उदाहरण घ्या. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि मधले काही अपवाद सोडले तर सुमारे तीस वर्षे चालली. आपल्या रानात आपण पिकवलेला कापूस सरकारने नेमलेल्या संस्थेखेरीज दुसऱ्या कोणाला विकणे हा गुन्हा ठरला. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात चार पैसे जादा मिळत असले तरी गाडी नाक्यावर अडवली जाई. घरचा कापूस घेऊन निघालेला कुणबी रात्रीच्या अंधारात चोरवाटेने जाऊ लागला. ज्याने पिकवला तोच चोर ठरला!

आणि खरेदी केंद्रावरच्या त्या रांगा! ज्यांचे केस आज पांढरे झाले आहेत त्यांनी त्या रांगा काढल्या आहेत. थंडीचे दिवस, गाड्यांमागे गाड्या, एकेक दिवस मोजत मुक्काम, गाडीखाली अंथरूण, घरून बांधून आणलेल्या भाकरी वाळून गेलेल्या, बैलांचा कडबा संपत आलेला. नंबर लागला की ग्रेडर मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी विस्कटायचा आणि शब्द टाकायचा. त्या एका शब्दावर पोरीचे लग्न या साली की पुढच्या साली, हे ठरायचे. पैसेही एका हाताने मिळत नसत. आधी एक हप्ता, मग दुसरा, मग कपाती, मग चुकाऱ्यासाठी खेटे.

एका रांगेत किती कादंबऱ्या होत्या! दहा गावची माणसे, म्हातारे, पहिल्यांदा बापासोबत आलेली पोरे, शेकोटीवरच्या गप्पा, ओळखीने मागची गाडी पुढे घेणारा पुढारी, नंबर विकणारा दलाल. माणसाच्या स्वभावाचा एवढा उघडा बाजार लेखकाला दुसरीकडे कुठे मिळाला असता? तीस वर्षे तो भरत होता. त्यावर मराठीत किती लिहिले गेले? बोटे मोजायला घ्या. एका हाताची सुद्धा जास्त होतील.

मग लिहिले तरी काय? आपल्या मुलखासाठी तीन साचे तयार आहेत.

पहिला साचा हसण्याचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केले. त्यांच्या हातात कला होती, आम्हीही पोट धरून हसलो. पण त्यांच्यामागून नकलाकारांची जी रांग लागली, तिने खेडूत म्हणजे विनोद असा शिक्काच मारला. सिनेमाने त्यात भर घातली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२) चालले, मग पाटील आणि तमाशा यांचेच खेडे पडद्यावर पुन्हा पुन्हा उभे राहिले. त्या खेड्याची बोली कोल्हापूर-साताऱ्याकडची. वऱ्हाडी माणूस आलाच तर 'काऊन बे' म्हणून हशा पिकवण्यापुरता. ज्या बोलीत आपण मयताला रडतो आणि लेकीला वाटे लावतो, ती बोली ऐकताच शहराला हसू का फुटावे?

दुसरा साचा दुष्काळाचा. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) पाऊस दगा देतो आणि गाव ओस पडते. ते चित्र खोटे नाही. माणदेशाने ते भोगले आहे. आपणही १९७२ ला खडी फोडली, लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पण पुढे प्रत्येकाने आभाळच आरोपी केले. आभाळावर खटला भरता येत नाही, म्हणून सगळ्यांचीच सोय झाली. पाऊस न पडलेल्या साली आपण बुडतो हे पुस्तकात आहे. बक्कळ पिकलेल्या सालीही आपण बुडतो, हे कुठे आहे? दुष्काळ देवाने पाडला असेल; भाव देवाने पाडलेला नाही.

तिसरा साचा गळफासाचा. गेल्या तीस वर्षांत कविसंमेलनात गळफासाची कविता म्हटली की टाळी ठरलेली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. त्या माउलीला मान मिळाला, ती हिमतीने बोलली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण प्रश्न उरतोच. त्या मंचाची पायरी चढण्यासाठी तिला आधी कुंकू गमवावे लागले. धनी जिवंत असताना तिने जो कापूस वेचला, जी उधारी तोंडपाठ ठेवली, त्याची विचारपूस करायला कोणता लेखक तिच्या दारी गेला होता? २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या पऱ्हाटीत शिरणारा तो माणूस जिवंतपणी कोणत्या पानावर आहे? मेलेल्या शेतकऱ्यावर कविता होते, जिवंत शेतकऱ्याचा हिशेब होत नाही.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काय बाजार समितीची पावती आहे? हिशेब आला की कला गेली! या पंडितांना आम्ही चार नावे देतो.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात कुणब्याच्या घराचे वर्णन आहे. घरातली एकेक वस्तू मांडली आहे. आणि त्याच पुस्तकात शेतसारा आहे, लोकल फंड आहे, पाणीपट्टी आहे. घर असे का झाले याचे कारण त्यांनी घराच्या शेजारीच ठेवले. म्हणून ते वाचून कीव येत नाही, राग येतो. दुसरे नाव बहिणाबाई चौधरींचे. १९५१ ला ती गेली, १९५२ ला तिची गाणी छापली गेली. अक्षर ओळख नव्हती, पण पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी यांचे गाणे करताना तिने कामाचे एकही अंग सोडले नाही. ती कष्टाकडे लांबून बघत नाही, कष्टातून बोलते. तिसरे नाव उद्धव शेळके. 'धग' (१९६०) मधली कौतिक शेतकरीण नाही, शिंप्याची बायको आहे. पण घरात काय आहे आणि काय संपले हे तिला जसे ठाऊक आहे, तसे आपल्या घरोघरच्या बाईला ठाऊक असते. आणि तिच्या वऱ्हाडी बोलण्यावर कोणाला हसू येत नाही. चौथे नाव सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'चे (२००२). शिकलेला एकनाथ शेतीत जगू शकत नाही आणि नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत. बुलढाण्याच्या मातीतली ही कादंबरी. २००४ ला तिला साहित्य अकादमीचा मान मिळाला. हिशेबाने कला मरते म्हणता? मग ही पुस्तके अजून जिवंत कशी?

आता ज्वारीचीही नवी गोष्ट लिहिली जात आहे. २०२३ हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारीला 'श्री अन्न' असे नाव मिळाले. हुरडा पार्टीला गाड्या येतात, भाकरी तब्येतीला बरी म्हणून लेख छापले जातात. पण पावसात काळी पडलेली ज्वारी कोणी घेईना, रानडुकरांपायी रात्री जागल करावी लागे, म्हणून आपल्याकडच्या खरिपातल्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. हे त्या लेखात नसते. बैलाचेही तसेच. बैल विकताना धन्याचे डोळे भरून येतात, हे शंभरदा लिहिले गेले. वर्षाला कडबा किती लागतो आणि पेंडी काय भावाने पडते, हे एकदा लिहा. मग ते डोळे का भरले तेही कळेल.

या चित्राची झळ आता चुलीपर्यंत आली आहे. आपली पोरगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही, असे शेतकरी बापच म्हणतो. त्याला कोण दोष देणार? पण पोराने शाळेत धडा वाचला, टीव्हीवर नक्कल पाहिली, व्यासपीठावर गळफास ऐकला, आणि आपला बाप एक तर हसण्याचा नाही तर रडण्याचा विषय आहे, एवढेच तो शिकला. बाप हिशेबी आहे, हुशार आहे, दर साली नव्याने जुगार मांडायची छाती त्याला आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ज्याची कीव केली जाते त्याला भाव मिळत नाही. त्याला मदत मिळते, तीही रांगेत उभे राहून.

म्हणून लेखक मंडळींना आमचे सांगणे आहे. आमच्यावर दया करू नका, आमच्यासोबत बाजाराला चला. खळ्यावरून निघालेली गाडी काट्यापर्यंत, काट्यावरून दुकानदाराच्या वहीपर्यंत आणि तिथून रिकाम्या हाताने घरापर्यंत येऊ द्या. मग जे सुचेल ते लिहा, आम्ही वाचू.

आणि तुम्हालाही सांगतो भावांनो. घरात सातवी-आठवीचे पोर असेल तर त्याच्या हाती एक वही द्या. बियाण्याच्या पिशवीपासून शेवटच्या चुकाऱ्यापर्यंत सारे त्यात लिहू द्या. बाईच्या निंदणाचे आणि वेचणीचे दिवसही लिहा; घरचे म्हणून फुकट धरू नका. वही भरली की जिल्हा बैठकीला घेऊन या आणि उभे राहून वाचा. आपल्या मुलखाचे खरे पुस्तक असेच तयार होईल, आणि त्यातली गोष्ट खळ्यावर संपणार नाही.